सोहमनं घर कधी सोडायचं?

ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न मूल चार-पाच वर्षांचं असल्यापासून पोखरत असतो: आमच्यामागे याचं काय? पुढची वीस वर्षं थेरपी, शाळा, औषधं, रिक्षावाले काका आणि नातेवाइकांचे सल्ले यांत निघून जातात. प्रश्न जागच्या जागी राहतो. मग कोणाची तरी अँजिओप्लास्टी होते आणि घरात एकदाचं बोलणं सुरू होतं. एक बाजू म्हणते, आधी पैसा आणि कागद पक्के करा. दुसरी म्हणते, आधी माणसं आणि राहण्याची सवय पक्की करा. बऱ्याच घरांत ऐकलेलं हे बोलणं मी इथे एका दीर-भावजयीच्या तोंडी घातलं आहे. पात्रं कल्पित, कायदे खरे.

सोहम बावीस वर्षांचा आहे, मोजके शब्द बोलतो. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि नुकतेच हृदयाच्या दुखण्यातून उठलेले. धाकटी बहीण रेवा पुण्याला शिकते. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. भाऊजी बँकेत अधिकारी आहेत आणि हातात फाइल असल्याशिवाय या घरात येत नाहीत.

भाऊजी : वहिनी, ट्रस्टचा मसुदा वकिलांकडून आलाय. दादाची सही झाली की निम्मं ओझं उतरलं.

वहिनी : आणि उरलेलं निम्मं?

भाऊजी : मृत्युपत्र. आणि गार्डियनशिप, जी तुम्ही चार वर्षं लांबवताय. सोहमला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी कायद्याच्या लेखी तुमचं पालकत्व संपलं. तुम्ही आईवडील आहातच, पण त्याच्या वतीनं सही करायला गेलात तर ‘अधिकार काय’ असं कोणीही विचारेल. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात यासाठी सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडे अर्ज करायचा. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

वहिनी : अर्ज भरून ठेवलाय हो. पण वाचताना पोटात गोळा येतो. सगळ्याच बाबतींत त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं. शर्ट कुठला घालायचा हे तो ठरवतो, कुठल्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही हेही तोच ठरवतो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि तेही त्याच्याशी विचारविनिमय करून.

भाऊजी : बँकेच्या काउंटरवर विचारविनिमय चालत नाही, दाखला चालतो. मी तीस वर्षं त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय. आता ऐका. दादा मृत्युपत्र न करता गेला, देव करो आणि तसं न होवो, तर हा फ्लॅट तुम्ही, सोहम आणि रेवा यांच्यात सारखा वाटला जाईल. उद्या गुडघ्यांमुळे तुम्हाला तळमजल्यावर घर घ्यायचं झालं आणि हे विकायला काढलंत, तर सोहमच्या तिसऱ्या हिश्शाची सही कोण करणार? व्यवहार तिथेच अडला. आणि नॉमिनी रेवा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा बजावून सांगितलंय.

वहिनी : माझी बहीण म्हणते, सगळं रेवाच्या नावावर करून टाका, ती काय भावाला टाकणार आहे का?

भाऊजी : नाही टाकणार. पण तिच्या नावावरचा पैसा हा तिचा पैसा. तिचं लग्न, नवऱ्याच्या धंद्यातलं कर्ज, घटस्फोट, कशातही तो ओढला जाऊ शकतो. त्यात रेवाचा दोष नसेल आणि सोहमचा तर नसेलच. म्हणून खासगी ट्रस्ट, १८८२ च्या इंडियन ट्रस्ट्स कायद्याखाली. लाभार्थी एकटा सोहम. फ्लॅट आणि ठेवी मृत्युपत्रानं त्यात जातील. विश्वस्तांनी त्यातून त्याचा खर्च करायचा. पैसा त्याच्या हातात नाही आणि कोणाच्या खिशातही नाही.

भाऊजींचा स्वर थोडा शाखाधिकाऱ्याचा आहे, हे मान्य. पण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे सत्यनारायणाला मुहूर्त मिळतो, मृत्युपत्राला मिळत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर ते होतं, नोंदणीची सक्तीसुद्धा नाही. तरी विषय काढला की घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘एवढ्यात कशाला?’ ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्या घराला हे ‘एवढ्यात कशाला’ फार महाग पडतं.

भाऊजी : आता आकडे. सोहमचा महिन्याचा खर्च आज तीस हजार धरू. महागाई सहा टक्के. बारा वर्षांत रक्कम दुप्पट होते, चाळीस वर्षांत साधारण दहापट. तो बासष्टचा होईल तेव्हा हेच तीस हजार तीन लाख झालेले असतील. महिन्याला.

वहिनी : हे तुम्ही मागच्या गणपतीतही सांगितलं होतं.

भाऊजी : आणि पुढच्या गणपतीतही सांगेन. दादाच्या पेन्शनच्या कागदांत सोहमचं नाव अपंग अपत्य म्हणून आलंय का? आईवडिलांमागे, स्वतः कमावू शकत नसेल तर, अशा मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के, वर महागाई भत्ता. दादा हयात असतानाच नोंद करून घेतली तर मागून कोणाला हेलपाटे पडत नाहीत.

वहिनी : नोंद झाली. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, झालं. निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्यविमा आहे. भाऊजी, तुम्हाला वाटतं तेवढी मी कागदांच्या विरोधात नाही. मी फक्त एक विचारते. आम्ही दोघं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सोहमला कोण उठवणार?

भाऊजी : ते विश्वस्त बघतील. केअरटेकर ठेवतील, नाहीतर चांगल्या संस्थेत घालतील. पैसा असला की दहा पर्याय निघतात. पण आज घर आहे, आई आहे, तोवर त्याला इथून हलवायची भाषा कशाला?

वहिनी : कारण मला त्याला पुढच्या वर्षी हलवायचं आहे.

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : पालकांनी मिळून चालवलेलं ते छोटं निवासी घर, जिथे तो अधूनमधून राहून येतो. तिथे आता कायमचा. दर शनिवार-रविवार इकडे, सणावाराला इकडे.

भाऊजी : वहिनी, आईबाप जिवंत असताना? गावाकडे काय सांगायचं? बावीस वर्षं जिवापाड केलंत आणि आता संस्थेत?

या वाक्यासाठी मी हा संवाद लिहायला घेतला. एरवी मुलगा बावीस वर्षांचा झाला आणि नोकरीसाठी बंगळूरला गेला तर पेढे वाटतात. रेवा पुण्याला खोली घेऊन राहते याचं सगळ्यांना कौतुक आहे. सोहमनं घर सोडणं मात्र टाकून देणं ठरतं. आपल्या काही संस्थांची अवस्था पाहिली की या भीतीला आधार नाही असंही म्हणवत नाही. तरी वहिनी काय म्हणतात ते पाहा.

वहिनी : तुमच्या बेतात सोहमची आई जाते, घर जातं, खोली जाते, पलंग बदलतो, जेवायची वेळ बदलते, हे सगळं एकाच आठवड्यात. ज्या मुलाला चादरीचा रंग बदललेला चालत नाही त्याला. आणि त्या वेळी तो ओरडला, डोकं आपटलं, तर ते लोक काय म्हणतील? ‘हा जुळवून घेत नाही, घेऊन जा.’ कुठे घेऊन जाणार? तुमच्या ट्रस्टला काय स्वयंपाकघर आहे?

भाऊजी : आणि पुढच्या वर्षी नाही ओरडणार तो?

वहिनी : ओरडणारच. पण तेव्हा परत आणायला घर असेल. मी तिथल्या मावशींना सांगू शकेन की वरण आणि भात ताटात वेगवेगळा वाढा, एकमेकांना लागू देऊ नका. पुन्हा पाठवू, पुन्हा आणू. असं करत वर्ष गेलं तरी चालेल मला. मी मेल्यावर असं मागेपुढे करायला कोणाला सवड असणार आहे?

भाऊजी : तुम्ही वही लिहिताय ना त्याच्या सवयींची? ती ट्रस्ट डीडला जोडू.

वहिनी : जोडा. पण वहीत काय मावतं ते बघा. मागच्या पावसाळ्यात तो सारखा उजव्या कानावर मारून घ्यायचा. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, ‘बिहेवियर वाढलंय’ म्हणाले आणि गोळीचा डोस वाढवून दिला. गोळीनं तो दिवसभर पेंगायला लागला आणि जागा असला की पुन्हा कान. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, हा भाकरीचा पापुद्रा खातोय, कडा ताटात ठेवतोय. दाताच्या डॉक्टरकडे नेलं तर आतली दाढ किडून पू झाला होता. दाढ काढली, कान थांबला. आता वहीत लिहिलंय, ‘कानावर मारलं तर दात बघा.’ पण पुढच्या वेळी पोट असेल, लघवीची जळजळ असेल. त्याची काही वेगळीच खूण असेल. ती वहीत नसणार. ती ओळखायला ताटातल्या कडा दिसणारं माणूस लागतं, आणि असं माणूस तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मी असताना ते तयार व्हायला हवं.

भाऊजी थोडा वेळ फाइल चाळतात. मग वेगळ्या बाजूनं येतात.

भाऊजी : ऑटिझमचं निदान झालेला जगातला पहिला माणूस माहीत आहे का? अमेरिकेत, मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं गाव, तिथला डोनाल्ड ट्रिपलेट. लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ मध्ये ज्या निबंधातून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यातली पहिली केस त्याची. आईच्या घराण्याची बँक होती. आईवडील १९८० ते ८५ च्या दरम्यान गेले. त्याच घरात तो पुढे एकटा राहिला, गोल्फ खेळला, गाडी चालवली, देशोदेशी फिरला. २०२३ मध्ये गेला तेव्हा नव्वदीला टेकला होता. कशाच्या जोरावर? घरच्यांनी ट्रस्ट करून ठेवला होता म्हणून. बँकेतच काम, बँकेतच पैसा.

वहिनी : डोनाल्डवरचा लेख मीही वाचलाय, भाऊजी. तुम्ही एवढंच सांगितलंत. तो लहानपणी काही वर्षं घरी नव्हता, गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याकडे राहायचा. कॅनर तिथे बघायला गेला होता आणि त्या जोडप्याचं त्यानं कौतुक केलंय. मक्याच्या ओळी मोजायचा नाद होता, तर त्यांनी त्याला नांगरायला लावलं, ओळी मोजत मोजत. आणि नंतर अख्खं गाव त्याला ओळखायचं. ट्रस्टनं गाव विकत घेतलं होतं का?

भाऊजी : गाव ओळखत होतं कारण घराणं बँकेचं होतं. गरिबाच्या मुलाला त्याच फॉरेस्टमध्ये कोणी विचारलं असतं?

वहिनी : हे मात्र तुमचं खरं.

दोघंही खरं बोलतात आणि डोनाल्डची गोष्ट दोघांच्याही कामी येते. मला तिच्यातलं तिसरंच खटकतं. त्याला जपणारा धाकटा भाऊ त्याच्या आधी, २०२० मध्ये गेला. जपणारी माणसंही म्हातारी होतात. भाऊजींच्या मसुद्यात पहिले विश्वस्त स्वतः भाऊजी आहेत, वय छप्पन्न.

भाऊजी : मग माझे प्रश्न ऐका. तुमचं ते निवासी घर बंद पडलं तर? खोणीचं घरकुल, बदलापूरचं आधार, ही पालकांनीच उभी केलेली कामं आहेत, मी दोन्हीकडे हात जोडतो. पण पालकांनी काढलेल्या प्रत्येक संस्थेची गोची एकच असते. काढणारे आज सत्तरीत किंवा ऐंशीत. तिथल्या मावशींना दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की त्या जातात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आईवडील गेल्यावर तिथे अचानक दार वाजवणारं कोणी उरत नाही. दार वाजवणारं नसलं की काय काय होतं ते आपण पेपरात वाचतो. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यावर हात उगारायला फार धैर्य लागत नाही.

वहिनी काही बोलत नाहीत. या मुद्द्याला त्यांच्यापाशी उत्तर नाही, आणि असल्याचा आव त्या आणत नाहीत.

भाऊजी : म्हणून म्हणतो, ट्रस्ट हा नुसता पैशाचा डबा नाही. त्यात लिहिता येतं. विश्वस्तानं महिन्यातून एकदा न सांगता जायचं. अंगावर खुणा आहेत का बघायचं, वजन लिहून ठेवायचं. दाताची तपासणी वर्षातून दोनदा. तक्रार आढळली तर त्याला तिथून काढून दुसरीकडे ठेवायचा अधिकार. गार्डियननं हयगय केली तर त्याला काढण्यासाठी लोकल लेव्हल कमिटीकडे जाता येतं, कायद्यात तरतूद आहे. पण जाणार कोण? ते नाव कागदावर हवं.

वहिनी : हे आधी का नाही सांगितलंत? इतके दिवस फक्त व्याजाचे दर सांगत होतात.

भाऊजी : तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मला बँकवाला समजता.

वहिनी : लिहा मग. दात वर्षातून दोनदा. केस कापायला घरीच माणूस बोलवायचा, सलूनमधल्या मशीनचा आवाज त्याला सहन होत नाही. आणि एक. त्याला विचारल्याशिवाय जागा बदलायची नाही.

भाऊजी : विचारायचं कसं? तो सांगणार कसं?

वहिनी : तो सांगतो. पहिल्यांदा तिथे राहायला नेलं तेव्हा चपला काढल्याच नाहीत, दारात उभा राहिला. जेवायलाही चपला घालून बसला. आम्ही परत आणलं. नंतरच्या खेपेला काढल्या, पण हातात धरून झोपला. मागच्या महिन्यात गेलो तर रॅकमध्ये त्याच्या फोटोखाली नेऊन ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आई गाडी.’ म्हणजे तू जा आता. हे उत्तर नाही का? लिहा, नव्या जागी त्याला तीनदा नेऊन राहू द्यायचं आणि चपला कुठे ठेवतो ते बघायचं. वकिलाला हसू आलं तर येऊ दे.

भाऊजी लिहून घेतात. वकिलाच्या भाषेत ते ‘लाभार्थीची पसंती प्रत्यक्ष वास्तव्याद्वारे अजमावून’ असं होईल. होवो.

इतका वेळ दादा खिडकीपाशी पेपर घेऊन बसलेले होते. या चर्चेत ते एकदाच बोलतात.

दादा : तुम्ही दोघं ठरवा. पण तो गेला तर संध्याकाळी मी फिरायला कोणाबरोबर जाऊ?

वहिनी : हेच म्हणते मी. आपण त्याच्यासाठी थांबलोय असं जगाला सांगतो. थांबलोय आपल्यासाठी. त्याच्याशिवाय या घरात बोलायला विषय तरी आहे का आपल्याला?

भाऊजी : वहिनी, दादाला लागेल असं नका बोलू. आजारातून उठलाय.

वहिनी : त्यांना माहीत आहे. रात्री आम्ही हेच बोलतो.

थांबण्याला सगळेच मुलाचं नाव देतात. सोहमला स्वतःचा चहा करता येतो, पण आई करू देत नाही, गॅसची भीती वाटते. कपडे घडी करता येतात, पण घड्या वाकड्या होतात म्हणून त्या पुन्हा करते. त्या निवासी घरात त्याच वाकड्या घड्या तशाच कपाटात जातात. घरात सोहम बावीस वर्षांचं बाळ आहे. तिथे तो कपडे घडी करणारा मुलगा आहे. हे वहिनींनीच मला सांगितलं असतं, पण दिरासमोर त्या बोलल्या नाहीत.

भाऊजी : बरं. पुढच्या वर्षी पाठवायचं म्हणता, मग त्याआधी गार्डियनशिपचा अर्ज जाईल. दादाचं मृत्युपत्र या महिन्यात. ट्रस्टी तीन. मी, रेवा, आणि संस्थेतल्या दुसऱ्या एखाद्या पालकांचा तरुण मुलगा किंवा मुलगी. मी सत्तरीला आपोआप बाहेर पडेन, जाताना चाळिशीच्या आतला माणूस नेमायचा, असं कलम घालतो. रेवाला विचारलंय ना?

वहिनी : विचारलं. ती म्हणाली, हिशेब बघेन, भेटायला जाईन, भांडायची वेळ आली तर भांडेन. पण तो माझ्या घरात राहणार हे गृहीत धरू नका. मला बरं वाटलं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं ‘मी सगळं करीन’ म्हटलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

भाऊजी : मग झालं. सही करायला शुक्रवारी येऊ?

वहिनी : माझी एक अट आहे. ट्रस्टी होणाऱ्या प्रत्येकानं सही करण्याआधी सोहमबरोबर एक रात्र एकट्यानं राहायचं. आम्ही दोघं नाही. संध्याकाळचं फिरणं, जेवण, गोळ्या, झोप, सकाळची अंघोळ.

भाऊजी : मला सगळं माहीत आहे त्याचं. जन्मापासून बघतोय.

वहिनी : अंघोळीला पाणी गरम हवं की कोमट?

भाऊजी : कोमट?

वहिनी : गार. थंडीतही. गरम पाण्याची वाफ आरशावर आली की तो बाहेर पळतो, टॉवेल न घेता. शनिवारी येता?

भाऊजी : शनिवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे, मी सेक्रेटरी आहे.

वहिनी : मग रविवारी. आम्ही कल्याणला आत्याकडे मुक्कामाला जातो. शुक्रवारची सही त्याच्या पुढच्या शुक्रवारी करू.